मूळ संहितेतून लायब्ररी बांधताना

गावात लग्न निघाले म्हणजे मोठी पातेली, पराती, घंगाळी कोणी घरोघर विकत आणीत नाही. देवळाच्या ओवरीत नाहीतर मंडळाच्या खोलीत गावची सामाईक भांडी असतात. ज्याच्या घरी कार्य, त्याने न्यावीत आणि घासूनपुसून परत ठेवावीत. संगणकावरची ‘लायब्ररी’ हा असाच प्रकार आहे. नाव ऐकून पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे आणू नका. पुष्कळ प्रोग्रॅमना लागणारे एखादे काम एकाने नीट लिहून ठेवायचे आणि बाकीच्यांनी ते उसने वापरायचे, एवढाच तिचा अर्थ.

उदाहरणाला ‘झेडलिब’ घेऊ. मजकूर दाबून लहान करणे आणि पुन्हा होता तसा उलगडणे हे तिचे काम. दाबण्याचा भाग ज्याँ-लू गाइली यांनी लिहिला, उलगडण्याचा मार्क अ‍ॅडलर यांनी. १९९५ साली ती प्रथम लोकांपुढे आली. (हेच अ‍ॅडलर पुढे मंगळावर गेलेल्या ‘स्पिरिट’ गाडीच्या मोहिमेचे व्यवस्थापक झाले.) तुमच्या शाळेतल्या संगणकावर पीएनजी जातीचे चित्र उघडले की पडद्यामागे बहुधा हीच राबत असते.

आता तुम्ही विचाराल, लिनक्सबरोबर ही लायब्ररी आयतीच येते, मग बांधायची कशाला? बाजारात पीठ मिळत असताना गहू आणून दळायचा उद्योग कोणी सांगितला? शंका रास्त आहे. रोजच्या वापराला आयते पीठच घ्यावे. पण कधी एखादा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीसाठी अडून बसतो, कधी यंत्र इतके जुने असते की त्याच्यासाठी आयते कोणी काढीत नाही. आणि आपण पडलो शिक्षक. पोरांना जाते फिरताना दाखवावे, असेही वाटते.

झेडलिबची मूळ संहिता सी भाषेत आहे आणि ती कोणालाही फुकट मिळते. लायब्ररीचा गाभा अवघ्या १५ सी-फायलींत मावतो. प्रथम यंत्रावर सी-कंपायलर आणि ‘मेक’ हवेत. उबुंटूत ‘बिल्ड-इसेन्शियल’ नावाचे गाठोडे बसवले की दोन्ही येतात. मग संहिता उलगडायची, त्या फोल्डरात जायचे आणि ‘कॉन्फिगर’ चालवायचे. हा प्रोग्रॅम घरात नव्या आलेल्या आचाऱ्यासारखा आधी चूल, सरपण, पाणी बघतो: कंपायलर कोणता, अमुक सोय आहे का, तमुक नाही का. मग आज्ञांची यादी लिहून ठेवतो. ती यादी ‘मेक’ वाचतो आणि कंपायलरकडून काम करून घेतो. ‘मेक’ हे स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत केलेले हत्यार. कोणती फाईल कोणत्या वेळी बदलली ते पाहून जेवढे शिळे झाले तेवढेच ते नव्याने करते.

इथे एक गंमत सांगतो. खेड्यातल्या शाळांतून जुनी यंत्रे असतात. आतली घड्याळाची बॅटरी मेलेली, त्यामुळे यंत्र चालू केले की तारीख वीस वर्षे मागची. अशा यंत्रावर ‘मेक’ बिचारे गोंधळते, कारण फायली त्याला ‘उद्या’ तयार झालेल्या दिसतात. आधी तारीख दुरुस्त करा, बरे का!

बांधून झाले की ‘मेक चेक’ म्हणायचे. ही पायरी पुष्कळजण गाळतात. गाळू नये. झेडलिबच्या चाचणीत ‘हॅलो’ हा शब्द दोनदा लिहून दाबतात. ‘हॅलो वर्ल्ड’ का नाही? तर शब्द पुन्हा आला म्हणजे दाबण्याच्या युक्तीची खरी परीक्षा होते. चाचणी ठीक निघाली म्हणजे मग ‘मेक इन्स्टॉल’. त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात. काही सांगितले नाही तर सारे ‘/यूएसआर/लोकल’ या जागी जाते. दुसरी जागा हवी असेल तर ‘कॉन्फिगर’लाच ‘प्रिफिक्स’ लिहून ती कळवायची.

पायऱ्या एवढ्याच. पण फजिती होते ती पुढेच, आणि ती माझी झालेली आहे. मी गणिताचा एम.ए.; संगणक हाताळता हाताळता शिकलो. एकदा महाविद्यालयाच्या यंत्रावर झेडलिबची नवी आवृत्ती बांधली आणि ‘/ऑप्ट’मध्ये निराळी बसवली. इतके ठीक होते. पण आता दोन प्रती कशाला, म्हणून प्रणालीची जुनी प्रत मी सरळ पुसून टाकली. पुढच्याच आज्ञेला यंत्राने तक्रार केली की लायब्ररी सापडत नाही. जुनी परत बसवावी म्हटले, तर गाठोडी बसवणाऱ्या प्रोग्रॅमलाच ती लायब्ररी लागत होती! विहिरीत पडलेला पोहरा काढायला गळ शोधावा, तर गळही त्याच पोहऱ्यात. दुसऱ्या दिवशी मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आणि मला घाम फुटलेला.

शेवटी एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, प्रशासकाची खिडकी अजून उघडी आहे ना? मग ती बंद करू नका.” त्याने एक ओळ सांगितली. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ या नावापुढे माझ्या नव्या प्रतीची जागा लिहायची, एवढेच. ओळ लिहिली आणि सारे उठून चालू लागले. मग त्याच खिडकीतून जुनी प्रत पुन्हा बसवून घेतली.

म्हणजे लायब्ररी यंत्रावर होतीच. तिचा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. गावची भांडी एका रात्रीत दुसऱ्या घरी नेऊन ठेवली आणि कुणाला सांगितलेच नाही, तर लग्नघरची माणसे देवळापाशीच खोळंबणार. प्रोग्रॅम सुरू होताना ‘लोडर’ ठरलेल्या जागांच्या यादीतच लायब्ररी शोधतो. यादीत नवी जागा घालायची तर ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या फोल्डरात एका फायलीत ती लिहायची आणि ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचे. प्रणालीच्या प्रतीला मात्र हात लावू नये. ती इतरांची आहे.

स्वतः दळले म्हणजे भेसळ नाही, असेही समजू नका. गव्हातच खडे असले तर? २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या दाबणी-लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, आणि तो धागा धरून तो मुळाशी गेला. चोरवाट जागी करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या संहितेच्या भांडारात नव्हताच. वाटपासाठी केलेल्या गाठोड्यात, बांधणीच्याच आज्ञांत तो लपवला होता. गाठोड्याचा एसएचए-२५६ आकडा जरूर ताडून पाहावा. पण त्याने वाटेत कोणी बदल केला नाही एवढेच कळते. देणाऱ्याच्या मनात काय होते ते कळत नाही.

आणखी एक ओझे आहे. तुम्ही बांधलेली प्रत तुमच्याच गळ्यात. झेडलिबमधल्या एका दोषाची दुरुस्ती २०१८ मध्येच संहितेत झाली होती, पण ती घेऊन १.२.१२ ही आवृत्ती निघाली २०२२ च्या मार्चमध्ये. अशी बातमी आली की आयती प्रत प्रणाली आपोआप बदलून घेते. तुमच्या ‘/ऑप्ट’कडे ती ढुंकूनही पाहत नाही. तिथे पुन्हा बांधणी तुम्हीच करायची. म्हणून संहितेचा फोल्डर टाकून देऊ नका. प्रत काढायची झाली तर त्याच फोल्डरातून ‘मेक अनइन्स्टॉल’ म्हणता येते.

आणि कोणता प्रोग्रॅम कोणती प्रत वापरतो, हे अंदाजाने सांगू नका. ‘एलडीडी’ लिहून पुढे त्या प्रोग्रॅमचा पत्ता द्या. बाणाच्या उजवीकडे जी जागा छापून येईल, ती प्रत वापरात आहे. मी हल्ली काहीही पुसण्यापूर्वी ती ओळ दोनदा वाचतो.