हात थरथरतोय, म्हणून काय?

"हात बघ कसा थरथरतोय, याच्याकडं काही नाही." दिवाळीच्या दिवसांत आमच्या परंड्यात जिथं जिथं पत्त्यांचा डाव बसतो, तिथं हे वाक्य कानावर येतंच. तीन पत्तीत कुणी चाल दुप्पट केली आणि पैसे पुढं सरकवताना त्याची बोटं कापली, की डावात नसलेली माणसंसुद्धा छातीठोकपणे निकाल देऊन टाकतात: ब्लफ मारतोय, शो माग. पोकर शिकून गोव्याला जाऊन आलेली पोरंही हेच सांगतात, फक्त शब्द नवे असतात. ज्याचा हात थरथरतो तो बिचारा स्वतःबद्दल आणखी वाईट समजूत करून घेतो. आपण भित्रे, हे आपलं काम नाही, असं त्याच्या मनात पक्कं बसतं.

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिलीपायी लोक पैसे घालवतात. दुसरी मला जास्त खटकते, कारण ती पत्त्यांपुरती राहत नाही. पंधरा ऑगस्टच्या भाषणात हातातला कागद फडफडला म्हणून पुन्हा कधीही माईकसमोर उभी न राहिलेली मुलं आपल्या आजूबाजूला आहेत. मुलाखतीत चहाचा कप बशीवर वाजला, तर नोकरी गेलीच असं धरून चालणारेही आहेत. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

मुळात कुणाचाच हात पूर्ण स्थिर नसतो. आत्ता हात समोर ताठ धरा, तळवा जमिनीकडं, बोटं पसरलेली, आणि पंजावर वहीचा एक कोरा कागद ठेवा. कागदाची कडा हलताना दिसेल. ही थरथर सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होते आणि ती पैलवानालाही असते, शल्यचिकित्सकालाही असते. एरवी ती इतकी बारीक असते की जाणवत नाही. प्रसंग महत्त्वाचा असला की मूत्रपिंडांच्या वरच्या बाजूला असलेल्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात. हृदय जोरात चालतं, तळहात ओले होतात, आणि हातातल्या स्नायूंवर ॲड्रेनालिनचा असा परिणाम होतो की आधीपासून असलेली ती बारीक थरथर डोळ्यांना दिसेल एवढी मोठी होते. डेव्हिड मार्सडेन या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं, की ॲड्रेनालिनचा हा परिणाम थेट हाताच्या स्नायूंपाशी घडतो. त्यासाठी मनात भीती असावीच लागते असं नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी दम्याचा पंप घेणाऱ्या माणसाकडं बघावं. त्या पंपातलं साल्ब्युटामॉल ज्या बीटा-२ ग्राहकांवर (रिसेप्टरवर) काम करून श्वासनलिका मोकळ्या करतं, तेच ग्राहक हाताच्या स्नायूंतही असतात. म्हणून पंप ओढल्यावर काही जणांचे हात कापू लागतात. तो माणूस घरात खाटेवर निवांत बसलेला असतो. त्याला कसली भीती नसते आणि तो कुणाला फसवतही नसतो. तरी हात थरथरतो.

आता डावाकडं या. तीन पत्तीत हातात तीन एक्के आले तर काय होईल? पोकरमध्ये शेवटचं, पाचवं पान उघडलं आणि आपल्याला हवं होतं तेच निघालं तर? मनात भीती नसते, आनंद मावेनासा झालेला असतो, पण शरीराला त्याचं काही देणंघेणं नाही. प्रसंग मोठा आहे एवढंच त्याला कळतं आणि ॲड्रेनालिन सुटतं. माइक कॅरो या अमेरिकन खेळाडूनं पोकरच्या टेबलावरच्या देहबोलीवर १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं बजावून सांगितलंय, की पैसे लावताना एखाद्याचे हात अचानक कापू लागले तर तो ब्लफ समजू नका. बहुतेक वेळा त्याच्याकडं जबरदस्त पानं असतात. त्याच्या मते ब्लफ मारणारा उलट स्वतःला आवळून धरतो आणि हालचाल कमीच करतो. म्हणजे आमच्याकडं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते अनुभवी माणसाच्या निरीक्षणाच्या बरोबर उलटं आहे! वर्षानुवर्षं लोक त्याच भरवशावर शो मागतात, समोरून ट्रेल (एकाच किमतीची तीन पानं) निघते आणि तरी पुढच्या दिवाळीला तेच वाक्य.

कॅरोचं म्हणणं अनुभवातून आलेलं आहे, प्रयोगातून नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो रास्त आहे. म्हणून एक प्रयोगही सांगतो. मायकल स्लेपियन, नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००९ च्या पोकर विश्वमालिकेतली चित्रफीत घेऊन त्यांनी विद्यार्थ्यांना खेळाडू चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) पुढं सरकवतानाचे छोटे तुकडे दाखवले. काहींना फक्त चेहरा दिसत होता, काहींना फक्त हात. कुणाची पानं किती चांगली आहेत हे ओळखायचं होतं. चेहरा बघून ओळखणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षाही वाईट निघाले. हात बघणाऱ्यांचे अंदाज मात्र योगायोगानं यावेत त्यापेक्षा बरे होते. चांगल्या पानांच्या खेळाडूंची हालचाल अधिक सलग आणि आत्मविश्वासाची दिसत होती.

इथं नीट वाचायला हवं, कारण याच अभ्यासाचा आधार घेऊन "बघा, थरथर म्हणजे वाईट पानं" असंही कुणी म्हणू शकेल. तिथं मोजली गेली ती हात पुढं नेण्याची सलगता. बोटांची बारीक थरथर ही वेगळी गोष्ट आहे. हात थरथरत असतानाही माणूस न अडखळता, ठरवून चिप्स पुढं सरकवू शकतो. हात एकदम स्थिर असलेला माणूसही दोनदा चिप्स उचलून परत ठेवतो. शिवाय ते खेळाडू व्यावसायिक होते, आपल्या ओट्यावरचे नव्हेत. एवढ्यावरून इतकंच म्हणता येतं, की नुसत्या थरथरीवरून समोरच्याची पानं ओळखता येत नाहीत. ओळखता येतात असं जो सांगतो, त्याच्या सांगण्यावर पैसे लावू नका.

दुसरी समजूत अशी, की हात कापतो तो भित्रा; पट्टीच्या माणसाचा हात कापत नाही. इथं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पदक मिळवलं तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुण मिळवून त्यानं कांस्यपदक घेतलं. ज्या खेळात केसभर हलणं म्हणजे गुण जाणं, त्या खेळातला जगातला तिसरा माणूस. पदकानंतर त्यानं सांगितलं, की हृदय खूप जोरात धडधडत होतं, सकाळी फक्त कोरा चहा घेतला होता, श्वासावर ताबा ठेवला आणि नेहमीपेक्षा वेगळं काही करायला गेलो नाही. धडधड थांबवण्याची वाट तो बघत बसला नाही. नेमबाजीत शिकवतातही तेच. नळी पूर्ण स्थिर होणारच नाही, थोडी डोलणारच, ते मान्य करून घोडा अलगद दाबायचा. डोलणं थांबेल म्हणून वाट बघणारा दम संपेपर्यंत थांबतो आणि मग झटका देतो.

खेळातली ही थरथर किती खरी आहे याचा पुरावा उत्तेजकविरोधी नियमांतही सापडतो. ॲड्रेनालिनचा परिणाम अडवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या नेमबाजीत आणि तिरंदाजीत निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल हा बीटा-ब्लॉकर सापडल्यामुळे काढून घेतली गेली. ऑलिंपिक पदकविजेत्यालाही हाताच्या कंपाची एवढी धास्ती असेल, तर डावात नवख्या पोराचा हात कापला यात लाज कसली?

तिसरी गोष्ट सगळ्यात दिलासा देणारी आहे. आपला हात आपल्याला जेवढा थरथरताना वाटतो तेवढा इतरांना दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की आपल्या आतली घालमेल बाहेर किती दिसते याचा अंदाज माणूस सहसा वाढवून करतो. त्याच्याच पुढच्या, २००३ च्या अभ्यासात भाषणाआधी ज्यांना ही गोष्ट समजावून सांगितली होती, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. नुसतं कळल्यानं फरक पडला. कारण हात थरथरतोय हे लक्षात आलं की माणूस डाव सोडून हाताकडं बघू लागतो, त्यामुळे आणखी घाबरतो, आणि हात आणखी कापतो. ते चक्र या माहितीनं ढिलं पडतं.

मग टेबलावर बसल्यावर करायचं काय? थरथर घालवायच्या मागं लागू नका, तिला करायला काम ठेवू नका. पोकरमध्ये पानं हातात उचलून हवेत धरायची गरजच नसते. दोन्ही तळव्यांच्या आडोशाला टेबलावरच कोपरा वाकवून एकदा बघायची, लक्षात ठेवायची, आणि वर एखादी चिप ठेवून द्यायची. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलाच्या कडेवर टेकलेला असला की कंप बोटांपर्यंत कमीच पोचतो. बोली आधी तोंडानं सांगा, "रेझ, दोन हजार". आपली पाळी असताना तोंडानं सांगितलेली बोली पाळावीच लागते, त्यामुळे त्यानंतर चिप्स सावकाश सरकवल्या किंवा एखादी सांडली तरी काही बिघडत नाही. न सांगता दोन हप्त्यांत चिप्स टाकल्या तर मात्र दुसरा हप्ता धरला जात नाही, आणि घाबरलेला नवखा नेमका तिथंच फसतो. पानं चांगली असोत की वाईट, दर वेळी तेवढाच वेळ घ्या आणि त्याच क्रमानं करा. बघणाऱ्याला मग काही हाती लागत नाही.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्सनं २०१४ मध्ये गाणं, भाषण आणि गणित अशा तीन प्रकारांत तपासलं. ज्यांनी स्वतःला "मला हुरूप आलाय" असं सांगितलं, त्यांची कामगिरी शांत व्हायला बघणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. धडधडणारं हृदय हुकमानं थांबत नाही. त्याला दुसरं नाव देणं आपल्या हातात असतं.

बाकीचे समज थोडक्यात. एक पेग घेतला की हात स्थिर होतो: काहींचा थोडा वेळ होतो, पण अक्कल त्याआधी जाते आणि उतरल्यावर कंप वाढतो. कडक चहा-कॉफीनं धीर येतो: कॅफीननं थरथर वाढते, जागरणानं आणि उपाशीपोटी तर अधिकच. एक दीर्घ श्वास घेतला की थांबते: सुटलेलं ॲड्रेनालिन ओसरायला काही मिनिटं जातात, तोवर श्वास सावकाश सोडत राहिला तर मदत होते. मूठ आवळून धरली की थांबते: स्नायू थकला की कंप वाढतोच. बीटा-ब्लॉकरची गोळी सगळ्यांना चालते: दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल धोक्याचं ठरू शकतं, मेडिकलमधून मागून आणायची ती गोळी नाही. चेहरा दगडासारखा ठेवला की झालं: वरचा प्रयोग पुन्हा वाचा.

एक समज मात्र एका ओळीत सोडवणार नाही: सवय झाली की हात थरथरायचा थांबतो. त्याच रकमेवर पुन्हा पुन्हा बसलं तर कंप कमी होतो, हे खरं. पण रक्कम वाढवली की तो परत येतो, आणि तेव्हा तो खरंच काही सांगत असतो. जे पैसे गेले तर घरातला हप्ता चुकणार आहे ते पैसे टेबलावर असतील, तर ती थरथर श्वासानं घालवायची गोष्ट नाही; तिथून उठायचं. कायदाही माहीत असावा. महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली जुगाराचा अड्डा चालवणं आणि तिथं जाऊन खेळणं हे दोन्ही गुन्हे आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. मांडवी नदीतल्या जहाजांवरचे कॅसिनो चालतात ते गोव्याच्या वेगळ्या कायद्यामुळे. बिनपैशाच्या चिप्स घेऊन चार मित्रांत बसलं तरी हात थरथरतो, आणि सराव तिथंच सगळ्यात चांगला होतो.

शेवटी ज्या थरथरीकडं दुर्लक्ष करू नये तिच्याबद्दल. खरेदीखतावर सही करताना एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं पेन कागदावर नाचतं, आणि मागं उभे असलेले म्हणतात, जमीन चाललीय म्हणून घाबरलाय. पुष्कळदा तोच हात घरी भाकरी मोडताना आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावतानाही तसाच कापत असतो. काम करताना येणारा, वयाबरोबर वाढणारा आणि अनेकदा घराण्यात चालत आलेला हा कंप वेगळा. हात मांडीवर निवांत असताना एकाच बाजूला कापतो तो पार्किन्सनचा असू शकतो. वजन उतरतंय, उकाडा सहन होत नाही आणि हात बारीक कापतो, तर थायरॉइड तपासावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचा हात अचानक कापला आणि घाम फुटला, तर आधी साखर द्यावी. सकाळी उठल्यावर कापणारा आणि दारू पोटात गेल्यावरच थांबणारा हात असेल, तर दारू एकदम तोडण्याआधी डॉक्टरांना गाठावं, कारण त्या अवस्थेत झटके येऊ शकतात. डॉक्टरांकडं जाताना दोन गोष्टी टिपून न्याव्यात, म्हणजे निदान लवकर होतं: हात निवांत असताना कापतो की काही करताना, आणि सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत, दम्याच्या पंपासकट.