विजयादशमीचे तोरण घरच्या हातांनी

आश्विन शुद्ध दशमी समीप आली, की घराघरांतून पहिली चौकशी होते ती झेंडूची. भाव काय, माल कोठला, पाने मिळतील की नाही, असे प्रश्न पंढरीच्या पेठेत सकाळपासून कानी पडू लागतात. अलीकडे मात्र आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो. प्लास्टिकच्या पानाफुलांचे तयार तोरण आणून एकदा खिळ्याला अडकवले, की ते पुढील दसऱ्यापर्यंत तेथेच धूळ खात असते. आमच्या अल्प मतीप्रमाणे जे सुकत नाही ते तोरणच नव्हे. या सप्ताहात शिवारात जे पिकले आणि परसात जे फुलले, ते दारी बांधणे एवढेच तर या विधीचे मर्म आहे.

'तोरण' शब्दाचा मूळ अर्थ वाचकांस ठाऊक असावा म्हणून सांगतो. अमरकोशात तोरण म्हणजे बहिर्द्वार. सांचीच्या स्तूपाभोवती दगडी कोरीव कामाची जी चार भव्य प्रवेशद्वारे आहेत, ती खरी तोरणे. त्यावर जी मंगल माळ बांधावयाची तिला संस्कृतात वंदनमाला म्हणतात. कालांतराने दाराचे नाव माळेला मिळाले आणि ती माळच आमच्या मराठीत तोरण झाली. कार्यारंभालाही आपण 'तोरण बांधले' असे म्हणतो, ते उगीच नव्हे.

आता कृतीकडे वळू. चौकटीच्या रुंदीहून दोन्ही अंगांस एकेक वीत अधिक सुतळी घ्यावी. नायलॉनची दोरी फुलाला कापते, शिवाय निर्माल्यातून ती निवडून काढावी लागते. आंब्याची पाने जून घ्यावीत. पंचपल्लवांत आंब्याला मान आहेच, पण तोडल्यावरही काही दिवस टवटवी धरून राहणारे असे दुसरे पान सहज सापडणार नाही. पाने धुऊन कोरडी पुसावीत, देठाकडचा भाग सुतळीवर मागे दुमडावा आणि खराट्याच्या स्वच्छ काडीचा तुकडा टोचून टाचावा. पाने विषम संख्येत घेण्याचा रिवाज आहे. झेंडू आदल्या सायंकाळी आणून टोपलीत ओलसर फडक्याखाली ठेवावा. ओवण्यापूर्वी त्यावर पाणी मुळीच शिंपडू नये, नाहीतर फूल आतून कुजते. दाभण पाकळ्यांतून घातले तर दुसऱ्या दिवशी पाकळ्यांचा सडा पडतो. देठाच्या माथ्याशी जी हिरवी फुगीर गाठ असते तिच्यातून ते आडवे घालावे, म्हणजे फुलाचे तोंड येणाऱ्याकडे राहते.

दोन पानांमध्ये एक फूल एवढ्यावर पुष्कळजण थांबतात. परंतु तोरणात धान्य हवेच. देशावर बाजरीचे कणीस, कोकणात हळव्या भाताची लोंबी. कोकणातील काही घरी तिच्यासोबत नाचणी, वरी आणि कुरडूचे तुरे बांधतात व त्या जुडीला 'नवे' म्हणतात. कुरडू शेतकऱ्याला तणच, पण त्याचा पांढरा-गुलाबी तुरा सुकला तरी रूप सोडत नाही. (अशोक म्हणून जी लांब पाने विकली जातात, ती सीतामाईच्या अशोकाची नव्हेत. तो सरळसोट उंच वाढणारा वृक्ष निराळा. पाने लावण्यास हरकत नाही, नाव मात्र खरे घ्यावे.)

झेंडूविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग शरदाला दिला. त्यात काश आहे, पिकलेली साळ आहे, झेंडू मात्र नाही. असणार कसा? ते फूल मूळचे मेक्सिकोचे. समुद्र ओलांडून आलेल्या या परक्या फुलाला आपल्या पूर्वजांनी दारी घेतले, देवीच्या घटावर चढविले, आणि आज त्यावाचून दसरा होत नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. कीर्तनाच्या निमित्ताने एका गावी आम्ही उतरलो होतो. दसऱ्याची पूर्वसंध्या. ओसरीवर सून आणि नातवंडे तोरण ओवीत होती, पण पाने काही केल्या सुतळीवर बसत नव्हती. माजघराच्या दारात घरातील आजी बसल्या होत्या. त्यांची बोटे पदराशी सारखी चाळवत होती. त्या गंगाभागीरथी, म्हणून तोरणाला हात लावीत नसत. सूनबाईंनी हळूच विचारले, "बुवा, सासूबाईंनी ओवले तर चालेल का हो?"

आम्ही म्हणालो, "सूनबाई, ज्या दारी मेक्सिकोच्या फुलाला मान आहे, त्या दारी घरच्या आईला नसावा काय? शहाजीराजे १६६४ मध्ये निवर्तले. पुढे १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा जिजाऊसाहेब तेथे होत्या. त्यांच्या उपस्थितीने त्या सोहळ्याला उणेपण आले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? अहिल्यादेवींना १७५४ मध्ये वैधव्य आले, आणि त्यानंतर त्यांनी काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. त्या हातांनी देऊळ चालते आणि या हातांनी माळ चालत नाही, हे कोणते शास्त्र? तोरण ओवण्यास विधवेला मनाई करणारे वचन आमच्या तरी वाचनात आलेले नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, हात धुऊन आल्या आणि नातीच्या हातातून दाभण घेतले. घटकाभरात तोरण पुरे झाले. नातीला त्यांनी देठ दुमडण्याची जी युक्ती दाखविली, तीच वर आम्ही लिहिली आहे.

असे किती हात अजून माजघरात बसून असतील कोण जाणे. यंदा ज्यांच्या घरी असतील त्यांनी तोरणाची टोपली प्रथम त्यांच्यापुढे ठेवावी, अशी आमची हात जोडून विनंती आहे. देवघर, वाहन, यंत्र, मुलांची पाटी-पुस्तके यांच्यासाठी लहान माळा लागतातच, त्या मुलांना करू द्याव्यात. वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील. सोने म्हणून द्यावयाची आपट्याची पाने मात्र मोजकीच तोडावीत, फांद्या ओरबाडू नयेत.

तोरण सुकल्यावर नदीत सोडू नये. चंद्रभागेने आधीच पुष्कळ सोसले आहे. पाने झाडाच्या बुंध्याशी मातीआड करावीत. झेंडूची फुले सावलीत पूर्ण वाळवून कागदी पुडीत ठेवावीत आणि मृगाचा पाऊस पडला की कुस्करून परसात किंवा कुंडीत पेरावीत. सगळी उगवणार नाहीत, पण जी उगवतील ती पुढील आश्विनात दाराशीच फुललेली असतील.