वकिलाचा दिवस

कायद्याची पदवी हाती आली की मनुष्य वकील झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार त्याला राज्याच्या वकील परिषदेच्या नामावलीत नाव नोंदवावे लागते; शिवाय २०११ पासून घेतली जाणारी अखिल भारतीय परीक्षाही आहेच. त्यानंतर सुरू होते ती एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालची उमेदवारी. ही वर्षे बहुधा ओढगस्तीची असतात, कारण पूर्णवेळ पगारी नोकरी करून वकिली करण्यास मनाई आहे.

न्यायालयातील युक्तिवाद हा या व्यवसायाचा लोकांना दिसणारा भाग. पण तो फार थोडा. सकाळ कागदपत्रे वाचण्यात जाते आणि दुपार पुकाऱ्याची वाट पाहण्यात. पुष्कळदा पुढची तारीख घेऊनच परतावे लागते.

खरी जोखीम असते ती मुदतीची. दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करण्यास ९० दिवस मिळतात, जिल्हा न्यायालयात ३०. अपिलास उशीर झाल्यास पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. मूळ दाव्याला मात्र ही सवलत नाही. उसने दिलेल्या पैशांसाठी एरवी तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही, तर येणे कितीही खरे असो, न्यायालयातून ते वसूल होत नाही. वकिलाची एक चूक आणि पक्षकाराची आयुष्यभराची पुंजी, असा हा हिशेब आहे. म्हणूनच संध्याकाळी नवा पक्षकार आला, की अनुभवी वकील त्याची हकीकत ऐकण्यापूर्वी कागदावरील तारीख पाहतो.