स्थौल्यचिकित्सेत आहार-विहार नोंदवहीचे स्थान

“मी फारसे काही खात नाही, तरीही वजन उतरत नाही,” हे वाक्य प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहे. हे विधान खोटेपणाचे मानू नये. तसेच ते जसेच्या तसे स्वीकारूनही चालत नाही. 1992 साली न्यू यॉर्क येथील संशोधकांनी अशीच तक्रार करणाऱ्या स्थूल व्यक्तींची तपासणी केली. प्रत्यक्ष मोजमापाच्या तुलनेत त्यांनी आपला आहार सरासरी 47 टक्के कमी व शारीरिक हालचाल 51 टक्के अधिक सांगितली होती. त्यांचा चयापचय मात्र मंद आढळला नाही.

मग रुग्णाने स्वतः लिहिलेल्या नोंदीवर कितपत विसंबावे, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर असे, की नोंदवही ही तराजू नव्हे. तिचा पहिला उपयोग वैद्याला नसून रुग्णाला होतो. लिहावयाचे आहे या जाणिवेने हात ताटाकडे जाण्यापूर्वी क्षणभर थांबतो. 2008 साली अमेरिकेत सुमारे 1,700 व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जे नित्य नोंद ठेवीत, त्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट घटले होते. निश्चयी माणूसच नियमित लिहितो, हे मान्य करूनही ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आपल्या शास्त्राला ही दृष्टी नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थौल्याची कारणे सांगताना अतिसंपूरण व गुरु, मधुर, शीत, स्निग्ध आहार यांबरोबरच अव्यायाम, दिवास्वप्न, अचिन्तन व बीजस्वभाव यांचाही निर्देश आहे. विमानस्थानात आहाराची आठ आयतने सांगितली आहेत: प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. केवळ कॅलरी मोजणारी वही यांतील राशीपाशीच थांबते. आपली नोंदवही याहून व्यापक असावयास हवी.

प्रत्यक्षात साध्या दोनशे पानी वहीत सहा रकाने पुरेसे होतात: वेळ; पदार्थ व प्रमाण (वाटी, पोळी, चमचा या घरगुती मापांत); आधीचे अन्न पचून भूक लागली होती काय; कोठे व कोणत्या निमित्ताने खाल्ले; चालणे व व्यायाम; झोप, विशेषतः दिवसाची. नोंद खाल्ल्याबरोबर करावी. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत चहा, फरसाण आणि मुलांच्या ताटातील उरलेले घास हमखास गळतात. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी मलप्रवृत्तीनंतर, एकाच काट्यावर घ्यावे. शरीरातील जलांशामुळे रोजचे वजन वरखाली होते आणि रुग्ण विनाकारण निराश होतो. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. भारतीयांसाठी 2009 साली ठरविलेल्या निकषांनुसार पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही त्याची मर्यादा आहे.

वही वाचताना बेरजेपेक्षा पुनरावृत्ती शोधावी. कांदिवलीसारख्या उपनगरात ती लवकर सापडते. सकाळी न्याहारी न करता लोकल गाठणे, कार्यालयात चार वेळा चहा, संध्याकाळी स्टेशनबाहेर किंवा महावीर नगरच्या खाऊगल्लीत काहीबाही आणि रात्री दहानंतर पूर्ण जेवण, असा क्रम दिसल्यास दोष ‘काळ’ या आयतनात आहे. अशा वेळी पदार्थांची लांबलचक यादी वर्ज्य करण्याऐवजी प्रथम रात्रीचे जेवण अलीकडे आणावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या येथील जैन कुटुंबांना हे सांगावेही लागत नाही. त्यांच्या वहीत मात्र दुपारचा गाठिया आणि मिठाई पाहावी. चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तरी दिवसाची सुमारे 40 ग्रॅम साखर होते, हा हिशेब रुग्णाने स्वतःच्या अक्षरात पाहिला म्हणजे उपदेशाची गरज उरत नाही.

तेलाची नोंद माणशी करणे कठीण. ती घराची करावी. चौघांच्या कुटुंबात 5 लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम तेल पोटात जाते. येथे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही चिकित्सेत सहभागी करून घ्यावे लागते.

काही ठिकाणी सावधगिरी आवश्यक आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा तत्सम औषधे घेणाऱ्या रुग्णाने आहार घटविल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. वहीत कंप, घाम, भोवळ अशा नोंदी आढळल्यास त्याच्या मूळ चिकित्सकाशी तत्काळ संपर्क साधावा. आहार तोच असूनही वजन वाढत असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. आहाराविषयी अपराधभाव किंवा खाऊन मुद्दाम उलटी करण्याची सवय दिसल्यास वही बंद करून मानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वही वाचून रुग्णाला रागावणे तर सर्वथा टाळावे. पुढील भेटीत तो खोटे लिहील किंवा येणारच नाही.

औषधविक्रेत्या बंधूंचाही येथे निकटचा संबंध आहे. मेदोहर गुग्गुळ किंवा त्रिफळा गुग्गुळ मागणाऱ्या ग्राहकाला वैद्याकडे पाठवून, नोंदीस आरंभ करण्यास सुचविणे ही खरी सेवा ठरेल. स्थौल्य बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यान्वये निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

नोंद नसेल तर वजन उतरल्याचे श्रेय आणि न उतरल्याचा दोष दोन्ही गोळीच्या माथी येतात, आणि आपल्या औषधाचे खरे कार्य आपल्यालाही कळत नाही. म्हणून औषधयोजनेपूर्वी किमान सात दिवसांची, एका रविवारसह, नोंद मागवावी. त्यानंतर एका वेळी एकच बदल सुचवावा आणि पंधरा दिवसांनी वही पुन्हा पाहावी.