संगणकाचा भाग बिघडला, कुरिअरचा खर्च कोणाचा?

हार्ड डिस्क, रॅम, पॉवर सप्लाय असे सुटे भाग घरबसल्या मागवण्याची सवय आता आपल्यापैकी अनेकांना झाली आहे. भाग चालला तर उत्तमच. नाही चालला, तर काही दुकानांतून उत्तर येते, "तुमच्या खर्चाने पाठवा, मग बघू." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तासभर हुज्जत घालणारे आपण इथे मात्र निमूटपणे पैसे भरतो. तसे करण्याचे कारण नाही.

न्यूझीलंडमध्ये यासाठी १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज अॅक्ट आहे. वस्तू सदोष असेल तर जबाबदारी विकणाऱ्याची. "कंपनीशी बोला" असे सांगून त्याला हात झटकता येत नाहीत. एक वर्षाची वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला असेही नाही. अशी वस्तू किती काळ टिकायला हवी, हे किंमत आणि प्रकार पाहून ठरते.

आता खर्चाचे. दोष गंभीर म्हणून वस्तू नाकारायची असेल, तर ती परत पोचवणे हे सर्वसाधारणपणे ग्राहकाचेच काम. पण आकारामुळे, जोडणीमुळे किंवा बिघाडाच्या स्वरूपामुळे नेण्याला मोठा खर्च येत असेल, तर विक्रेत्याने ती स्वतःच्या खर्चाने न्यायची. रॅमची पट्टी काही या अपवादात बसणार नाही! मात्र दोषामुळे होणारे जे नुकसान आधीच कळण्यासारखे असते, त्याची भरपाई याच कायद्याने मागता येते. इन्व्हरकार्गिलच्या ग्राहकाला ऑकलंडहून माल पाठवला, तर तो सदोष निघाल्यास टपालखर्च होणार हे कोणालाही कळेल. म्हणून पाठवण्यापूर्वीच लेखी कळवावे, की भाग सदोष आहे आणि कुरिअरचा खर्च आपणच द्यावा. पावती व ट्रॅकिंग नंबर जपून ठेवावा. तपासणीत दोष न सापडल्यास शुल्क लागेल का, हेही आधी विचारून घ्यावे.

वाटेत मोडतोड झाली तर? १७ जून २०१४ पासून, दुकानाने माल पोचवायची व्यवस्था केली असेल, तर तो ठीक स्थितीत पोचण्याची हमीही त्याचीच असते. त्याच तारखेपासून व्यापाऱ्याने लिलावात विकलेला मालही या कायद्याखाली आला. ट्रेड मी वर एखाद्या खाजगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूला मात्र हे संरक्षण नाही. मन बदलले म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधनही दुकानावर नाही. धंद्यासाठी खरेदी करणाऱ्यांनी अटी नीट वाचाव्यात, कारण तिथे लेखी करार करून हा कायदा बाजूला ठेवता येतो.

पुण्या-मुंबईहून कोणाबरोबर मागवलेल्या भागाला इथला कायदा उपयोगी पडत नाही. तिथली बचत मोजताना हेही धरावे.

इथले दुकान ऐकतच नसेल, तर डिस्प्यूट्स ट्रायब्युनलकडे अर्ज करता येतो. शुल्क भरावे लागते, पण तिथे वकील उभे राहत नाहीत. आपली बाजू आपणच मांडायची. पत्रव्यवहार आणि पावत्या एका फायलीत लावून न्याव्यात.