गल्लीत तलवार काढता येते का?

मुलांनो, मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर शूरवीर होऊन तुमच्यापैकी किती जणांनी राक्षस मारला आहे? हात वर करा पाहू! बरेच आहात की!

आमच्या चौथीच्या वर्गात असाच एक पठ्ठ्या आहे. परवा त्याची गणिताची वही तपासायला घेतली, तर शेवटच्या पानावर त्याने स्वतःच एक गेम रचलेला. राजा, किल्ला, बर्फाचं जंगल, गुहेतला ड्रॅगन. चित्रं छान होती, म्हणून रागावले नाही. (गणित चुकलं होतं, त्याबद्दल रागावले.) मग विचारलं, "बर्फ पाहिलायस का रे कधी?" तो म्हणाला, "नाही बाई." "मग हे सगळं आपल्या गल्लीत का नाही घडत?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच चुकीचं गणित घातलंय. म्हणाला, "बाई, गल्लीत कसं होईल? गल्लीत तलवार काढली तर आई मारील!"

मला हसू आलं. पण घरी गेल्यावर विचार करत बसले. पोरगं बरोबर बोललं होतं बरं का! मोठमोठे गेम बनवणारे जिथे अडतात, नेमकी तीच अडचण त्याने एका वाक्यात सांगितली होती.

या जातीच्या खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. म्हणजे आपण एखादं पात्र व्हायचं, हिंडायचं, माणसांशी बोलायचं, लढायचं, अनुभवाचे गुण मिळवायचे आणि हळूहळू बळकट व्हायचं. याची सुरुवात कॉम्प्युटरवर नाही, टेबलावर झाली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ काढला. त्यात जादूगार होते, तलवारी होत्या, तळघरं होती. पुढे १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम आला, त्यातही राजा आणि किल्लाच. तेव्हापासून जो तो त्याच वाटेने निघाला. आजच्या शहरात, बस आणि एटीएमच्या जगात घडणारे असे खेळ मात्र अजूनही मोजकेच सापडतात.

कोणी म्हणेल, "बाई, 'व्हाइस सिटी' आहे की!" आहे, माहीत आहे मला. २००२ सालचा तो खेळ मायामी शहरावर बेतलेला आहे. पण एक तर तो मोठ्यांसाठी आहे (तुम्ही कुठे खेळता ते विचारत नाही). शिवाय तो या जातीचा खेळ नव्हे. तिथलं शहर गाड्या पळवायला आणि मोडतोड करायला आहे. तिथली बहुतेक दारं बंदच असतात.

दारांवरून आठवलं. राजाच्या गोष्टीत नायक कुणाच्याही घरात शिरतो, पेटी उघडतो, आतली नाणी खिशात घालतो. कोणी काही म्हणत नाही. तुम्ही शेजारच्या काकूंच्या घरात शिरून कपाट उघडून बघा बरं! तलवारीचंही तेच. जंगलात राक्षस मारला की शाबासकी, रस्त्यात कुणाला मारलं की पोलीस. आणखी एक. जंगल दाखवायचं तर एक झाड काढा आणि हजार वेळा उमटवा, चालतं. शहरात तसं चालत नाही. प्रत्येक दुकान निराळं, प्रत्येक पाटी निराळी आणि माणसं लाखांनी. जरा चुकलं तरी लगेच कळतं, कारण शहर आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. ड्रॅगन कोणी पाहिलाय?

मग कोणी प्रयत्नच केला नाही का? केला, आणि काय गंमत केली ती ऐका.

जपानमध्ये शिगेसातो इतोई नावाचे गृहस्थ जाहिरातींचा मजकूर लिहायचे. त्यांनी १९८९ साली 'मदर' हा गेम काढला. १९९४ साली त्याचा दुसरा भाग आला. तोच पुढच्या वर्षी अमेरिकेत 'अर्थबाउंड' या नावाने गेला. त्यातला नेस हा साधा शाळकरी मुलगा आहे. तलवारीऐवजी त्याच्या हातात बेसबॉलची बॅट असते. जखम झाली की जादूचं औषध नाही, हॅम्बर्गर खायचा! शत्रू कोण? तर चवताळलेला कावळा, पिसाळलेली टॅक्सी. आणि हरलेले प्राणी मरत नाहीत, शांत होतात. माणसं पुन्हा ताळ्यावर येतात. पैसे कुठून येतात? बाबा बँकेत भरतात, नेस एटीएममधून काढतो. खेळ जपून ठेवायचा तर बाबांना फोन करायचा. मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे नेसला मध्येच घरची आठवण येते, मग त्याचं लढण्यात लक्ष लागत नाही. उपाय एकच, आईला फोन!

पाहिलंत? अडचण आली की इतोईंनी उत्तर घरातूनच शोधलं. अमेरिकेत मात्र तेव्हा तो फारसा खपला नाही. मोल कळायला लोकांना वेळ लागला.

२००७ साली जपानमध्येच आलेल्या 'द वर्ल्ड एंड्स विथ यू'मध्ये टोकियोचा शिबुया हा खराखुरा गजबजलेला भाग आहे. तिथे गर्दीचीच युक्ती केली आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मनातले विचार नायकाला वाचता येतात. म्हणजे जी गर्दी अडचण होती, तीच खजिना झाली! २०१६ सालच्या 'पर्सोना ५'मध्ये टोकियोतला एक शाळकरी मुलगा रोज ठरवतो, आज अभ्यास करू की काम, की मित्राला भेटू? कारण दिवस मोजकेच असतात. वर्गात शिक्षक प्रश्न विचारतात, बरोबर उत्तराने ज्ञान वाढतं. एक मास्तर तर खडू फेकून मारतात. (मी मारत नाही.) हाही खेळ मोठ्यांचा आहे, तेव्हा हट्ट नको.

आणि आपल्याकडे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा सुंदर गेम काढला. तो जरा वेगळ्या जातीचा, धावण्या-लढण्याचा खेळ आहे. पण त्यातही प्राचीन काळ, महाल आणि असुरच आहेत. पुण्यात बसून केलेल्या खेळातही पुण्याची पेठ नाही. पेठेत लढण्यासारखं काही नसतं असं कोण म्हणेल? संध्याकाळी रस्ता ओलांडून बघा.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं आणि वहीची दोन कोरी पानं दिली. आठवड्याने तो नकाशा घेऊन आला. किल्ल्याच्या जागी पिठाची गिरणी. वीज गेली की गिरणी बंद, मग तिथून पुढे जाता येत नाही. टँकर आला की सगळी पात्रं एकाच जागी गोळा होतात, तेव्हाच त्यांच्याशी बोलून घ्यायचं. शक्ती वाढवायला वडापाव. हत्यार म्हणून सायकलची घंटी!

एकाच ठिकाणी त्याचं अडलं होतं. कोपऱ्यावरच्या ओट्यावर एक आजी बसते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "कुणाचा रे तू?" आणि सगळं सांगितल्याशिवाय सोडत नाही.

"बाई," तो म्हणाला, "ती शत्रू नाही. घंटी वाजवली तरी हलत नाही. मग तिला किती गुण ठेवू?"

मी अजून विचार करतेय. तुम्हांला सुचलं तर कळवा.