जुन्या संगणकांवर कार्यप्रणाली स्थापित करताना उद्भवणारी हार्डवेअर न ओळखण्याची समस्या

प्रस्तावना : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यक असल्याने नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांपुढे जुने संगणक भंगारात काढावेत की त्यांवर लिनक्स स्थापित करावी, हा प्रश्न उभा राहतो.

समस्येचे स्वरूप : स्थापनेच्या वेळी हार्ड डिस्क आढळली नाही, म्हणजे ती निकामी झाली असे नव्हे. ती बायोसमध्येही दिसत नसेल, तर प्रथम केबल व वीजजोडणी तपासावी. बायोसमध्ये दिसत असल्यास दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. २००१ च्या विंडोज एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसल्याने सॅटा डिस्क आयडीई पद्धतीवर ठेवावी लागे.

उपाययोजना : बायोसमधील मूळ नोंदी लिहून ठेवाव्यात व माहितीची प्रत घ्यावी. लिनक्स प्रथम पेन ड्राइव्हवरून चालवून ध्वनी, नेटवर्क व पडदा तपासावा. डेबियन १२ (२०२३) पासून वाय-फायसारख्या उपकरणांचे फर्मवेअर स्थापना-माध्यमातच मिळते. मात्र डेबियन १३ (२०२५) मध्ये ३२-बिट संगणकांसाठी स्थापना-माध्यम नाही.

निष्कर्ष : संगणक निर्लेखित करण्यापूर्वी जोडणी, बायोस व ड्रायव्हर या क्रमाने तपासणी करणे हितावह ठरते.